मागचं डावं दार

१

सकाळी शटर वर केलं की मी लगेच आत जात नाही. थोडा वेळ बाहेरच उभा राहतो. रात्रभर कोंडलेला तेलाचा वास आधी बाहेर पडू देतो, मग आत पाऊल टाकतो. बायको म्हणते, "स्वतःच्याच दुकानात पाहुण्यासारखे काय ताटकळता?" पण सवय आहे, जात नाही.

मग झाडू, मग चहा, मग हत्यारं. माझी हत्यारं डाव्या हाताला लागतील अशी मांडलेली असतात, कारण मी डावखुरा. दुसऱ्या कुणी माझ्या हत्यारांना हात लावला की आधी शिव्याच देतो तो.

शाळा मी चौथीतच सोडली. पुढचं सगळं उस्तादांनी शिकवलं. त्यांचं एक वाक्य मी आयुष्यभर धरून राहिलो. ते म्हणायचे, "गाडी परत आली तर आधी इंजिन बघू नकोस. आपला शेवटचा हात कुठे लागला होता ते बघ."

आमच्या रस्त्याच्या टोकाला मोठं हॉस्पिटल आहे. तिथल्या एक नर्स माझ्याकडे गाडी आणायच्या. सगळे त्यांना सिस्टर म्हणतात, मीही सिस्टरच म्हणतो. नवरा नाही. एक मुलगी आहे, सहा-सात वर्षांची. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून तिला घरात खारू म्हणतात. सिस्टरनी नुकतीच एक जुनी गाडी घेतली होती.

"काका, गाडी गुणाची आहे," त्या म्हणाल्या. "फक्त मागचं डावं दार उघडत नाही. हिला उजवीकडून उतरावं लागतं, तिकडून गाड्या सुसाट येतात. माझा जीव टांगणीला लागतो."

"कधीपासून उघडत नाही?"

"घेतली तेव्हापासूनच. ज्यांच्याकडून घेतली ते आजोबा एकटेच राहायचे. म्हणाले, मागे कधी कुणी बसलंच नाही, दार लागतंय कशाला."

दाराचं आतलं कव्हर काढलं. कुलूप चांगलं होतं. खटकाही चांगला होता. फक्त खटक्याची दांडी लोखंडी तारेने बांधून टाकलेली होती, गच्च. कुणीतरी वेळ मारून नेलेली दिसते, असं मला वाटलं. पक्कड घेतली, तार तोडली, भंगाराच्या डब्यात टाकली. दार उघडलं. खारू आत चढली, बाहेर उतरली, परत चढली, परत उतरली.

"आजोबा, हे माझं दार!" ती म्हणाली.

"तुझंच गं," मी म्हणालो.

२

दोन-चार दिवसांत सिस्टर परत आल्या. चेहरा उतरलेला.

"काका, दार दुरुस्त केलंत आणि इंजिन बिघडलं."

असं ऐकल्यावर कुठलाही मेकॅनिक मनातल्या मनात हसतो. गिऱ्हाईकाला नेहमी वाटतं की तुम्ही ब्रेक केलेत म्हणून हॉर्न गेला. शेजारी गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारा एक जण आहे. डोकं लगेच तापतं म्हणून सगळे त्याला शॉर्ट म्हणतात, शॉर्टसर्किटमधला शॉर्ट. तो तर मोठ्यानेच हसला.

"दाराचा आणि इंजिनाचा काय संबंध, सिस्टर? रोग रेड्याला आणि औषध पखालीला!"

"हसू नका हो. काल पुलावर मधेच बंद पडली. मागून ट्रक येत होता. मागे पोर बसलेली."

शॉर्टचं हसू तिथेच विरलं.

मला उस्ताद आठवले. शेवटचा हात दाराला लागला होता. आणि संबंध अगदीच नसतो असंही नाही. पेट्रोलचा पंप मागच्या सीटखाली, टाकीत असतो. त्याची वायर दाराच्या उंबऱ्याखालून पुढे जाते. माझ्या हातून कव्हर बसवताना ती दबली असेल, तर पंप मधेच थांबेल आणि गाडी बंद पडेल. अशी चूक होते. माणसाचा हात आहे.

उंबऱ्याची पट्टी काढली, सीट उचलली. वायर बोटांनी चाचपत पुढपर्यंत गेलो. कुठे दबलेली नाही, कुठे सोललेली नाही. शॉर्टने मीटर लावून बघितलं. काही नाही.

मग आम्ही दोघं गाडी घेऊन फिरायला गेलो. बराच वेळ चांगली चालली. मग एका शांत रस्त्यावर, समोर कुणी नसताना, इंजिन बंद पडलं. गचका नाही, खोकला नाही. सांगून थांबल्यासारखं थांबलं. शॉर्टने किल्ली फिरवून फिरवून बॅटरी दमवली. मी सीटखाली परत बघावं म्हणून मागचं डावं दार उघडलं. वाकलो, पंपाची वायर हलवली, दार लावलं. पुढच्या किल्लीला गाडी सुरू.

"वायर हलवली म्हणून झाली," शॉर्ट म्हणाला. "जोड ढिला असणार."

आम्ही जोड नवा केला. मी सिस्टरना निरोप दिला, गाडी झाली, घेऊन जा.

३

ती परत आली. या वेळी सिस्टर रागावलेल्या नव्हत्या. त्या ओशाळल्या होत्या.

"काका, हसाल तुम्ही. पण आम्हाला एक युक्ती सापडलीय. बंद पडली की खारू मागचं दार उघडते, परत लावते. की सुरू होते."

"लगेच नाही लावायचं," खारू म्हणाली. "थोडं थांबायचं. मग लावायचं."

"किती थांबायचं?"

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी फारच सोपी गोष्ट विचारली होती. "होईपर्यंत," ती म्हणाली.

शॉर्ट तिची थट्टा करायला लागला. "काय गं, कंडक्टर झालीस की काय? घंटी पण वाजवतेस का? डबल बेल?"

खारू नेहमी त्याला जीभ दाखवून वेडावते. त्या दिवशी तिने दाखवली नाही. ती सीटच्या मधोमध बसली होती, दोन्ही पाय जुळवून. काही दिवसांपूर्वी हे माझं दार म्हणून नाचणारी पोर दारापासून लांब सरकली होती. डावीकडे सीटवर अर्धं बिस्किट ठेवलेलं होतं.

मी तिला उतरवायला डावा हात दिला. तिने तिचाही डावा हात दिला. थंडीच्या सकाळी पाना हातात घेतल्यावर लागतो तसा तो हात लागला. मी नकळत तिचा उजवा हात धरला. तो लहान मुलांचा असतो तसा ऊबदार होता, थोडा चिकट.

"सिस्टर, पोरीला बरं नाही का?"

"अहो, गाडीत बसली की झोपते. एकीकडे हात दबत असेल." त्यांनी नर्सच्या सवयीने तिची नाडी बघितली. उजव्या मनगटावर. "ठीक आहे की."

४

त्या गेल्या आणि मी भंगाराचा डबा जमिनीवर ओतला.

का ओतला, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. वायर बघून झाली होती, जोड बघून झाला होता. माझा शेवटचा हात ज्या गोष्टीला लागला होता ती एवढीच उरली होती.

तुटके नट, जुने प्लग आणि गंजलेल्या स्प्रिंगांमध्ये तो तारेचा तुकडा सापडला. उन्हात जाऊन चष्मा लावून बघितला.

तार पिळायची प्रत्येकाची तऱ्हा असते. उजव्या हाताची माणसं एका बाजूला पिळतात. मी उलट पिळतो. शिवाय मी टोक कापून सोडत नाही. ते आत दुमडतो, म्हणजे पुढे ज्याचा हात तिथे जाईल त्याला ते टोचायला नको. उस्ताद त्यावरून मला हसायचे. "तार बांधतोस की पोरीची वेणी घालतोस?"

या तारेचा पीळ उलटा होता. टोक आत दुमडलेलं होतं.

मी फार वेळ तसाच उभा राहिलो. दार मीच बांधलं होतं. कधी, कुणासाठी, कशासाठी, काहीच आठवत नव्हतं. हल्ली मला आठवत नाही. सकाळी गोळी घेतली का, ते आठवत नाही. पण चांगलं दार कुणी उगाच बांधून ठेवत नाही. मी तर नाहीच. म्हणजे तेव्हा मला काहीतरी माहीत होतं. आणि ते माहीत असलेल्या माणसाचं काम मी, काहीच माहीत नसलेल्या माणसाने, एका पकडीने तोडून टाकलं होतं.

५

घरी गेलो. बायको भाजी निवडत होती. मी तार तिच्यापुढे ठेवली.

"हे काय, भंगार घरात आणलंत?"

"मी कधी एखाद्या गाडीचं दार बांधल्याचं बोललो होतो का तुझ्याशी?"

तिचे हात थांबले. ती माझ्याकडे बघेना.

"बोल ना."

"तुम्ही आठवण ठेवायला सांगितलं होतं," ती हळूच म्हणाली. "किती वर्षं झाली. एका संध्याकाळी आलात आणि डावा हात गरम पाण्यात घालून बसलात. पाणी निवलं की म्हणायचात, अजून दे. मी म्हटलं, काय झालं? तुम्ही म्हणालात, एक दार बांधून आलोय. ते माझ्या हातून परत सुटायला नको. मी विसरेन, तू विसरू नकोस."

"मग?"

"मग काय? मी म्हटलं, दमलाय माणूस. मी पण विसरले हो." तिचे डोळे भरून आले. "मला काय ठाऊक, तीच गाडी परत तुमच्याकडे येईल!"

"आत काय होतं, सांगितलं होतं मी?"

"विचारू नको म्हणालात. मी नाही विचारलं." तिने पदराने डोळे पुसले. "फक्त एक सांगते. त्यानंतर कित्येक रात्री तुम्ही पलंगावर अगदी भिंतीला चिकटून झोपायचात. मी या कडेला, तुम्ही त्या कडेला. आणि आपल्या मधे जागा सोडलेली असायची. मी सरकायला लागले की म्हणायचात, नको, तिथे नको."

तिला मी काय दोष देणार? तिला फक्त लक्षात ठेवायचं होतं. दाराला हात माझा लागला होता.

६

मी सिस्टरना फोन करून गाडी दिवसभरासाठी मागून घेतली. सकाळी त्या गाडी माझ्याकडे लावून कामावर गेल्या.

मी गाडी दुकानात आत घेतली. डावी बाजू भिंतीकडे. त्या भिंतीवर खिळ्यांना इंजिनाच्या पंख्याचे जुने रबरी पट्टे टांगलेले असतात, एका ओळीत. बाहेर शॉर्टचा रेडिओ चालू होता. लख्ख ऊन होतं. भ्यायचं असं काहीच नव्हतं.

आम्ही लोक गाडीचं ओझं बोटांनी बघतो. चाकाच्या वर पत्र्याची कमान असते. टायर आणि कमान यांच्या मधे बोटं घालून बघायची. या गाडीला रिकामी असताना चार बोटं बसतात. मागच्या उजव्या चाकाला घालून बघितली. चार. डाव्या चाकाला घातली. तीनच बसली.

गाडीत कुणी नव्हतं.

इंजिन सुरू करून मी बाहेर उभा राहिलो. थोड्या वेळाने ते बंद पडलं, तसंच, शांतपणे. मी मागचं डावं दार उघडलं. खारूने सांगितलं होतं तसा थांबलो.

गाडी वर आली. फार नाही. लहान मूल कडेवरून उतरल्यावर माणूस जेवढा हलका होतो, तेवढी. स्प्रिंग जराशी करकरली. मग भिंतीवरचा पहिला पट्टा हलला. मग दुसरा. मग तिसरा. कुणीतरी खांदा घासत भिंतीच्या कडेने आत जावं, तसे ते ओळीने हलत दुकानाच्या मागच्या अंधाऱ्या कोपऱ्यापर्यंत गेले. तिथे माझं बसायचं स्टूल आहे. पट्टे थांबले.

मी दार लावलं. बोटं घातली. चार.

वारा असेल, मी मनाला म्हणालो. स्प्रिंग असेल. पण तोवर मी नव्या तारेचं वेटोळं उचललं होतं.

७

आता बांधायचं होतं. ते बाहेर असतानाच.

पण कव्हरचे दोन स्क्रू दाराच्या कडेला असतात. दार उघडल्याशिवाय ते निघत नाहीत. मी दार उघडलं आणि पेचकस लावला, तेवढ्यात बाहेरून शॉर्ट ओरडला.

"काका, चहा! की आज दारालाच चिकटून राहणार? बायको समजून मिठी मारलीत की काय?"

मी मान वळवली. "नंतर!" म्हणालो. परत बघतो तर भिंतीवरचे पट्टे हलत होते. या वेळी कुठून कुठे गेले, ते मी बघितलं नव्हतं.

बोटं घातली. तीन.

माझ्यातला मेकॅनिक म्हणाला, अरे म्हाताऱ्या, स्प्रिंग मोडली असेल, कधी बसते कधी उठते. आधी ती तरी बघ. मला ते पटलं, कारण पटायला हवं होतं. डाव्या बाजूला जॅक लावला, गाडी उचलली, चाक काढलं. स्प्रिंग अख्खी होती. एक तडासुद्धा नव्हता. चाक परत चढवलं.

गाडी जॅकवरच होती. दार उघडंच होतं. मी त्या रिकाम्या सीटकडे तोंड करून बोललो. आवाज हळू ठेवला, शॉर्टने ऐकलं असतं तर आयुष्यभर चिडवलं असतं.

"हे बघ," मी म्हणालो. "तू कोण, काय, मला आठवत नाही. आठवत नाही ही माझीच चूक. पण ती पोर लहान आहे. तिला सोड. इथे उतर. माझ्या दुकानात राहा, स्टुलावर बस, कुठेही बस. मी म्हातारा आहे. माझं काय जायचंय?"

मग मी काम केलं. कव्हर काढलं, नवी तार घेतली, दांडी बांधली, पीळ दिला, टोक आत दुमडलं. एवढ्यात बाहेर खारूचा आवाज आला, "आजोबा!" सिस्टर तिला शाळेतून घेऊन आल्या होत्या. मी घाईने कव्हर बसवलं, जॅक खाली सोडला, वाकून बोटं घातली.

चार.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ऐकलं, मला वाटलं. माझं ऐकलं. उतरलं.

मी दार लावलं. ते आता उघडणार नव्हतं.

८

सिस्टरशी मी खोटं बोललो. "खटका झिजलाय. नवा मिळेपर्यंत बांधून ठेवलंय. इंजिन आता बंद पडणार नाही."

"दार बांधलं की इंजिन ठीक?" त्या हसल्या. "काका, तुमची विद्या तुम्हालाच माहीत. इंजिन चाललं म्हणजे झालं. उतरताना मी हात धरेन हिचा."

खारू उजवीकडून चढली. दाराशीच बसली. गाडी सुरू झाली. काय आवाज होता! इतका गोड आवाज त्या इंजिनाने कधी दिला नव्हता. शॉर्टसुद्धा बघायला बाहेर आला.

माझ्या दुकानाच्या तोंडाशी गटाराची जाळी आहे. गाडी त्या जाळीवरून गेली, पुढची चाकं, मग मागची. मागची चाकं जाळीवर धडधडली आणि गाडीची मागची डावी बाजू खाली बसली.

सावकाश बसली. कुणी मांडी बदलून नीट टेकावं, तशी.

तेव्हा मला कळलं.

जॅकवरून उतरवलेली गाडी लगेच खाली बसत नाही. चाकं लटकून ताणलेली असतात, गाडी उंचच उभी राहते. थोडी पुढेमागे ढकलल्याशिवाय तिची उंची खरी नसते. हे मी किती पोरांना शिकवलं असेल. कानफटात देऊन शिकवलंय. जॅकवरून उतरवलेल्या गाडीला बोटं लावू नकोस, ती खोटं बोलते.

मी बोटं लावली होती. आणि विश्वास ठेवला होता.

बसणारच की गाडी, मी मनाला म्हणालो. जॅकवरची गाडी जाळीवर बसतेच. पण खारू उजवीकडे होती, सिस्टर उजवीकडे होत्या. आणि ती गाडी डावीकडे कलून चालली होती.

मागच्या काचेतून खारू दिसत होती. तिने आधी डावीकडे बघितलं. मग वर बघितलं, मोठ्या माणसाच्या तोंडाकडे बघतात तसं. मग ती उजव्या दाराला आणखी चिकटली.

"थांबा!" मी ओरडलो. "सिस्टर, थांबा!"

मी जाळीपर्यंत धावलो. इंजिनाने नुसता एकदा खोकला काढला असता तरी मी गाठली असती. ते खोकलं नाही. उतरायला दारच उरलं नव्हतं, मग गाडी थांबवणार कोण?

दुकानात परत आलो. पट्टे निश्चल होते. कोपऱ्यातलं स्टूल मी हाताने चाचपून बघितलं. दुकान रिकामं होतं. इतकं रिकामं मला ते कधीच वाटलं नव्हतं.

९

मी फोन केला.

"काका! एकदम मस्त चालतेय," सिस्टर म्हणाल्या. "घेऊन गेल्यापासून एकदाही बंद पडली नाही."

"सिस्टर, गाडी परत आणा. दार सोडवायचंय."

"नको हो काका! रागावू नका, पण दार केलंत तर इंजिन गेलं. आता चाललंय ते चालू द्या. परत हात लागला की परत काहीतरी निघेल."

"मागे कुणीतरी आहे, सिस्टर." शेवटी बोललोच.

मग बोलल्या त्या वेगळ्या आवाजात, खाटेवरच्या माणसाशी बोलतात त्या. "काका, गोळ्या वेळेवर घेता ना? काकूंना द्या बरं फोन."

"खारूला द्या. एकदाच द्या."

थोडी कुजबुज झाली. मग तिचा आवाज आला. पूर्वी तिचा आवाज फोनमधून उडी मारून यायचा.

"आजोबा."

"बाळा, गाडीत कुठे बसतेस तू?"

"उजव्या दाराशी."

"मधे बसत जा ना गं. पुढे आईजवळ बस."

"आई म्हणते लहान मुलांनी मागेच बसायचं." मग ती कुजबुजली. "आणि मधे जागा नसते आता."

आता मी रोज दुपारी हॉस्पिटलच्या गाड्या लावतात तिथे जातो. खिशात पक्कड असते. गाडीला कुलूप असतं. सिस्टरनी तिथल्या वॉचमनला सांगून ठेवलंय, या आजोबांना गाडीला हात लावू देऊ नको, त्यांना बरं नसतं. वॉचमन भला माणूस आहे. "आजोबा, सावलीत बसा," म्हणतो आणि मला खुर्ची देतो. त्याचं लक्ष नसलं की मी वाकून मागच्या डाव्या चाकावर बोटं घालतो. ती जॅकवर चढलेली नसते. खोटं बोलत नसते. आधी तीन बसायची. आता दोन बसतात.

पूर्वी मी दार बांधलं तेव्हाही ते आतच राहिलं असणार, हे आता कळतं. मागे कुणी बसत नव्हतं, म्हणून नुसतंच वाट बघत राहिलं. आता त्याला शेजार मिळालाय. तोही माझ्या हातून.

सकाळी शटर उघडून मी बाहेर उभा राहतो आणि रस्त्याकडे कान लावतो. मेकॅनिकने असं मागू नये, पण मी रोज मागतो. देवा, ती गाडी बंद पडू दे. माझ्या दारात पडू दे. मी तार तोडेन, दार उघडेन, आणि लगेच लावणार नाही. थांबेन. होईपर्यंत थांबेन.

ठरल्या वेळेला ती समोरून जाते. पूर्वी खारू हात हलवायची. आता काचेला तिचा फक्त उजवा गाल दिसतो, चपटा झालेला.

इंजिनाचा आवाज मात्र स्वच्छ आहे. कुणीही ऐकून म्हणेल, चांगल्या हाताचं काम आहे.